शहागडची पोथी आणि शहामुनी

अंबडहून बीडकडे निघालेली एस.टी. शहागडला थोडा वेळ थांबते. पुढे गोदावरीचा पूल आणि पुलापलीकडे बीड जिल्हा. लहानपणी या रस्त्याने मामाच्या गावी जाताना अब्बा खिडकीतून बोट दाखवत आणि म्हणत, "इथं शहामुनींची समाधी आहे." ते नाव ऐकले की मला कोडे पडे. 'शहा' आपल्यातला वाटे, दर्ग्याच्या पाटीवर असतो तसा. 'मुनी' मात्र शाळेच्या पुस्तकातल्या ऋषिमुनींपैकी. आणि मग समाधी म्हणायचे की मजार? अब्बांना विचारले तर ते हसून म्हणत, "दोन्ही म्हण, बेटा. झोपलेल्याला काय फरक पडतो?"

झोपलेल्याला पडत नसेल, जागे असलेल्यांना पडतो. शाळेत निबंध चांगला लिहिला की गुरुजी कौतुकाने विचारत, "अरे, तुमच्या घरी उर्दू बोलतात ना? मग तुला एवढं मराठी कसं येतं?" आणि मोहल्ल्यात मराठी मासिक हातात दिसले की एखादे चाचा म्हणत, "ये सब पढ़के क्या करेगा? अपनी ज़बान तो सीख ले." दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते. पण दोघांच्याही बोलण्याचा अर्थ एकच होता : मराठी ही तुझी नाही, तू तिच्या घरी पाहुणा आहेस. आपल्यापैकी बहुतेकांनी हे दोन प्रश्न कधी ना कधी ऐकले असतील. त्यांचे उत्तर माझ्या गावापासून एस.टी.च्या दीड तासावर, गोदेच्या काठी पडून होते. ते मला कळायला पंचवीस वर्षे लागली.

बासनातले पुस्तक

नोकरीच्या निमित्ताने अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात जाणे-येणे होते. तिथल्या एका मित्राच्या घरी मुक्काम पडला. श्रावणाचे दिवस. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मित्राच्या वडिलांनी हातपाय धुतले, देवळीतून लाल बासनात बांधलेली पोथी काढली, बासन सोडून ती चौरंगावर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. ओव्या लागोपाठ चालल्या होत्या. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होतो. अध्याय संपला तेव्हा कर्त्याचे नाव आले आणि मी दचकलो. शहामुनी!

वाचन संपल्यावर मी पोथी पाहायला मागितली. 'सिद्धान्तबोध' असे नाव होते. पाने पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. मी विचारले, "बाबा, हे लिहिणारे कोण, ठाऊक आहे?" ते म्हणाले, "हो तर. शहागडला समाधी आहे त्यांची." मी जरा अडखळत म्हटले, "ते मुसलमान होते." वृद्धाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना सूर्य कुठे उगवतो ते सांगत होतो. "पोथीतच लिहिलंय की. आमच्या आज्यापासून वाचतो आम्ही."

म्हणजे अज्ञान त्यांचे नव्हते, माझे होते. मी मनोमन त्यांना एक नवी गोष्ट सांगायला निघालो होतो. प्रत्यक्षात एका शेतकरी हिंदू घराने तीन पिढ्या जी गोष्ट जपली होती, ती माझ्या मोहल्ल्यात एकालाही ठाऊक नव्हती. घरी येऊन मी चारचौघांना विचारले. शहागडचे 'शहाबाबा' दोघा-तिघांनी ऐकले होते. त्यांनी किताब लिहिली आहे, तीही मराठीत, हे कुणालाच माहीत नव्हते. कबर आमच्या आठवणीत राहिली होती, किताब शेजाऱ्यांच्या देवळीत.

पोथीमागचा माणूस

जुन्या मराठी ग्रंथाचा कर्ता शोधायचा असेल तर मुखपृष्ठ फारसे उपयोगी पडत नाही. हस्तलिखित पोथीला आजच्यासारखे मुखपृष्ठ नसतेच. शोध शेवटून सुरू करावा लागतो. अध्यायाच्या समाप्तीला कर्ता आपले नाव घेतो. ग्रंथाच्या शेवटी तो कधी कुळाची, गुरूची, गावाची आणि शकाची हकीकत सांगतो. त्याच्याही खाली नक्कल करणारा लेखकू आपले नाव, संवत्सर, तिथी आणि कुणासाठी नक्कल केली ते लिहून ठेवतो. शकात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन निघतो. पोथीचा हा शेवटचा कागद म्हणजे तिचा जन्मदाखला. दुर्दैवाने सगळ्यात आधी फाटतो तो हाच.

शहामुनींचे सुदैव असे की त्यांनी आपली हकीकत ग्रंथाच्या पोटातच ओवून ठेवली. घराणे उत्तरेकडचे. प्रयाग, मग उज्जैन, असे करत पूर्वज दक्षिणेत आले. वडिलांचे नाव मनसिंग, आईचे आमाई. जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास, भीमेकाठच्या पेडगावात. गुरू मुनींद्र, 'मुनी' ही खूण तिथून आली. पुष्कळ भटकंती करून ते गोदाकाठी शहागडला स्थिरावले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला.

या नावांवर क्षणभर थांबावेसे वाटते. मुसलमान घर, आणि आई-बापांची नावे आमाई आणि मनसिंग. आज अशा नावांकडे आपण काहीशा अवघडलेपणाने पाहतो. कुणी विचारेल, हे खरे मुसलमान का? पण ज्यांनी दख्खनच्या खेड्यांतल्या जुन्या कबाल्यांवर आणि इनामाच्या कागदांवर नजर टाकली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. आपल्या पणजीचे नाव आठवून पाहा. मागे जावे तशी नावे मातीच्या जवळ येतात.

स्वतःविषयी सांगताना ही मंडळी 'अविंध' हा शब्द वापरतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. जुन्या मराठीत मुसलमानासाठी हा शब्द सर्रास येतो, आणि उच्चारणाऱ्याच्या तोंडी त्याला बहुधा हिणवण्याचा वास असतो. या कवींनी तोच शब्द उचलून आपल्या नावाशेजारी ठेवला. आम्ही अविंध, आमचे कान टोचलेले नाहीत, पण आत जे ऐकू यायचे ते आले आहे, असा त्यातला भाव. हिणवण्याचा शब्द स्वतःहून अंगावर घेऊन त्याची धार बोथट करायची ही रीत आपल्या काळात दलित साहित्याने पुन्हा दाखवली. गोदाकाठच्या या माणसाने ती दोनशे वर्षांपूर्वी वापरली होती.

पन्नास अध्याय

'सिद्धान्तबोध' हा ५० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ आहे. त्यात पुराणकथा आहेत, सृष्टीच्या उत्पत्तीचा विचार आहे, देह आणि आत्म्याची चर्चा आहे, गुरूचा महिमा आहे, नाना पंथांच्या मतांची झडती आहे. देवाच्या दारी जात विचारली जात नाही, हा धागा सगळीकडे दिसतो. महानुभाव मताचा ठसा त्यात स्पष्ट जाणवतो, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. भाषा सोपी आहे, वाचणाऱ्याला पंडित व्हावे लागत नाही. खेड्यातल्या घरात तो श्रावणात वाचला जातो याचे कारण हेच असावे.

आता काळ पाहा. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे उत्तर पेशवाई. मराठे आणि निजाम यांच्या फौजा याच मुलखातून जा-ये करत होत्या. १८०३ च्या २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असईची लढाई झाली. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा तिथे पराभव केला. या एका दिवसावर इंग्रजीत कितीतरी पुस्तके आहेत. वेलस्लीची पत्रे छापली गेली, कोणत्या ओढ्यापाशी कोणती पलटण उभी होती याचे नकाशे आहेत. त्याच काळात, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला बसलेल्या एका मराठी कवीविषयी मात्र चार पाने मिळवायला वणवण करावी लागते. जिंकणाऱ्याचे कागद दप्तरात जातात, गाणाऱ्याचे कागद देवळीत. दप्तराला रखवालदार असतो. देवळीला वाळवी.

एकटा नव्हे

शहामुनींच्या मागे लागलो आणि एकातून एक पुस्तके निघू लागली. पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात येते. श्रीगोंदे म्हणजे शेख महंमदांचे गाव. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ शके १५६७ चा, म्हणजे १६४५ चा. छत्रपती शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना मानत अशी परंपरा आहे. 'योगसंग्रामा'त आतल्या शत्रूंशी मांडलेले युद्ध आहे; माणसाच्या मनालाच रणांगण केले आहे. शहामुनींच्या जन्माआधी शंभर वर्षे त्याच परिसरात एका मुसलमानाने मराठीत असा ग्रंथ रचला होता. ज्या मातीत हे आधी घडून गेले आहे, तिथे शहामुनींना आपण काही विपरीत करतो आहोत असे वाटले नसावे.

शेख महंमदांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे. त्यांनाही चांद बोधल्यांचा उपदेश होता अशी परंपरा सांगतात. म्हणजे पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख हे एका अर्थाने एकाच घरचे. नाथांनी भारुडात हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. दोघे आधी कडाकडा भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी समेटावर येतात. आपल्या काळात अशी चर्चा सभ्यपणाच्या नावाखाली टाळली जाते. नाथांनी ती भांडणासकट लिहिली.

याच सतराव्या शतकात हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठी टीका लिहिली, ती 'अंबरहुसेनी' नावाने ओळखली जाते. बहामनी घराण्याशी नाते सांगणारे शहा मुंतोजी 'मृत्युंजय' या नावाने लिहीत. 'सिद्धसंकेतप्रबंध' हा त्यांचा ग्रंथ. एकजण गीतेचा भाष्यकार, एक राजघराण्यातला विरक्त, एक श्रीगोंद्याचा शेख, एक शहागडचा मुनी. चौघांचे प्रांत वेगळे, ग्रंथांची जात वेगळी. कुणी युद्धाचे रूपक घेतले, कुणी टीका लिहिली, कुणी सिद्धान्त सांगितला. 'मुसलमान संतकवी' असे एकच लेबल लावून चौघांना एका पिशवीत घातले की त्यांच्यातले हे वेगळेपण हरवते.

एका जिल्ह्याची पुस्तके

जालना जिल्हा कागदावर तरुण आहे. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन १ मे १९८१ रोजी तो झाला. पण पुस्तकांच्या हिशेबाने त्याचे वय फार मोठे निघते.

घनसावंगी तालुक्यातले जांब हे रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ चा. 'दासबोध' कुठे लिहिला गेला हे सर्वांना ठाऊक असते. तो लिहिणारा नारायण ज्या गल्लीत खेळला ते गाव आपल्या जिल्ह्यात आहे हे बाहेरच्यांना सांगावे लागते. शेख महंमदांची थोरवी सांगणारे एक पद रामदासांच्या नावावर सांगितले जाते. रामदासांनी दख्खनी वळणाच्या हिंदीतही रचना केली आहे. आज ज्यांना आपण दोन टोकांना उभे करतो त्यांच्यामध्ये त्या काळी निदान एक भाषा सामाईक होती.

भोकरदन तालुक्यातले जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान. चक्रधरस्वामींच्या लीळा तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला. म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून घेतले. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत मराठीला आपल्याच घरातला हा खजिना माहीत नव्हता.

खुद्द जालना शहराचे पाहा. इंग्रजी अमदानीतल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये जालन्याच्या नोंदीत लिहिले आहे की 'ऐन-ए-अकबरी'चा कर्ता अबुल फजल काही काळ इथे राहिला होता. अकबराच्या दख्खनच्या मोहिमेसाठी तो १५९९ मध्ये इकडे आला आणि १६०२ च्या ऑगस्टमध्ये दख्खनहून परतताना वाटेत मारला गेला. म्हणजे जालन्याचा मुक्काम त्याच्या अखेरच्या दिवसांतला. महाभारताचा फारसी अनुवाद 'रज्मनामा' झाला तेव्हा त्याची प्रस्तावना १५८७ मध्ये याच अबुल फजलने लिहिली. दुसऱ्याचा ग्रंथ समजून घेतल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नये, हा त्या प्रस्तावनेमागचा विचार. जालन्यातली काली मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई जमशेदखानाच्या नावाने ओळखली जाते. सराईत उतरणाऱ्या मुसाफिरांच्या पडशीत काय काय किताबे असतील, याची कल्पना करायला मला आवडते.

आणि अगदी अलीकडचे. शम्स जालनवी हे उर्दू शायर सायकलवरून घरोघर उर्दू वर्तमानपत्रे टाकत. नव्वदी ओलांडून २०२० साली ते अल्लाला प्यारे झाले. मुशायऱ्यात ज्यांना दाद मिळे त्यांना सकाळी कुणी 'पेपरवाले' म्हणून हाक मारी, आणि ते तितक्याच आनंदाने ओ देत. याच शहरात राय हरिश्चंद्र साहनी उर्दूत शायरी करत. 'दुःखी' हा त्यांचा तखल्लुस. त्यांच्या नावाने जालन्यात मराठी कवीला पुरस्कार दिला जात आला आहे. साहनी उर्दूत लिहितात, शहामुनी मराठीत लिहितात. भाषा धर्मावर वाटून देणाऱ्यांनी एकदा जालना जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊन ही दोन नावे त्यावर लिहून पाहावीत.

शोधणारे

पुस्तके आपोआप सापडत नाहीत. कुणीतरी उन्हातान्हात फिरते, बासने सोडते, धूळ खाते, तेव्हा ती आपल्यापर्यंत येतात. या ठिकाणी तीन नावे कृतज्ञतेने घ्यायला हवीत.

पहिले रा. चिं. ढेरे. त्यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक १९६७ मध्ये आले. शेख महंमद, मुंतोजी, शहामुनी ही नावे तोवर वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेसारखी येत. ढेऱ्यांनी त्यांना स्वतंत्र पुस्तक दिले. दुसरे सेतुमाधवराव पगडी. निजामी अमदानीत शिकलेला, उर्दू-फारसीत मुरलेला हा मराठवाड्याचा माणूस. त्यांनी १९५३ मध्ये सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. रझाकारांच्या आठवणी ताज्या होत्या, पोलीस अॅक्शननंतर आपल्या वस्त्यांवर जे गुदरले त्याच्याही. अशा वेळी सूफींविषयी शांतपणे लिहायला विद्वत्तेइतकेच धैर्य लागले असणार.

तिसरे डॉ. यू. म. पठाण. करमाळ्यात जन्मलेला हा मुसलमान मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवू लागला आणि महानुभावांच्या पोथ्यांचा जाणकार झाला. ज्या मठात पोथी परक्याच्या हाती देत नसत, तिथे पठाण सरांच्या हाती बासने सोपवली गेली. त्यांनी मुसलमान सूफी संतांच्या मराठी साहित्यावरही लिहिले. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. योगायोग असा की त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एकाच वर्षी एक दार आतून उघडले आणि एक नवे दार आपण स्वतः बसवले. त्यावेळी पुष्कळांनी विचारले, वेगळे संमेलन कशासाठी? मला वाटते त्याचे उत्तर शहामुनींच्या पोथीत आहे. दोनशे वर्षे लिहूनही ज्यांचे नाव त्यांच्याच मोहल्ल्यात पोचले नाही, त्यांच्यासाठी.

अवघड प्रश्न

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण एक प्रश्न टाळणे बरे नव्हे.

शहामुनी कृष्णाविषयी, दत्ताविषयी लिहितात. गुरूला देवाच्या जागी बसवतात. तौहीदची शिकवण घेतलेल्या आपल्या वाचकाला हे वाचताना अडखळायला होईल, आणि ते साहजिक आहे. एका मौलवीसाहेबांना मी ही पोथी दाखवली. त्यांनी दोन-चार पाने ऐकली आणि अदबीने म्हणाले, "ये हमारे नहीं हैं." दुसऱ्या बाजूला एका व्याख्यात्यांनी भाषणात शहामुनींचे नाव घेऊन सांगितले की मुसलमानांनी असेच व्हावे. एकाने त्यांना घरातून बाहेर काढले, दुसऱ्याने त्यांची छडी करून आपल्या हातावर मारली. दोघांपैकी कुणीही पोथी पुरती वाचली नव्हती.

माझे म्हणणे साधे आहे. शहामुनी आपला आदर्श आहेत असे कुणी मानण्याची गरज नाही. त्यांचा मार्ग त्यांचा होता. त्यांचा हिशेब त्यांच्या आणि त्यांच्या निर्मात्याच्या मध्ये आहे. पण ते आपल्या इतिहासात आहेत, आणि इतिहासातून माणूस वगळता येत नाही. आपल्या खानदानात सगळेच आपल्या मताचे नसतात, म्हणून त्यांची नावे आपण वंशावळीतून खोडत नाही. तसेच, शहामुनी मराठीत लिहीत होते हे देशावरच्या आपल्या हक्काचे प्रमाणपत्र म्हणूनही मिरवायला नको. त्यांनी एक ओळ लिहिली नसती तरी आपण इथलेच असतो. घर आपले आहे हे सिद्ध करायला भिंतीतली जुनी वीट काढून दाखवावी लागत असेल, तर त्यात विटेचा मान राहत नाही आणि आपलाही.

पोथी वाचायची ती कर्त्याला समजून घ्यायला. एक माणूस, त्याच्या आईचे नाव आमाई, बापाचे मनसिंग. देशोदेशी फिरून त्याला काही कळले. ते सांगायला त्याच्यापुढे फारसी होती, दख्खनी होती. त्याने मराठी निवडली, कारण ज्यांना सांगायचे होते ती माणसे मराठी बोलत होती. याहून मोठे कारण लेखकाला लागत नाही. आज आपण मराठीत लिहितो त्याचेही हेच कारण आहे. शाळेतल्या गुरुजींना आणि मोहल्ल्यातल्या चाचांना मी आता हे उत्तर देऊ शकलो असतो. दोघेही आता नाहीत.

शेवटचे पान

मागच्या वर्षी त्या खेड्यात पुन्हा गेलो. मित्राचे वडील गेले होते. पोथी कुठे आहे विचारले तर घरातल्या सुनेने शोधाशोध केली. देवळी आता राहिली नव्हती, घर सिमेंटचे झाले होते. पोथी एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या वह्यांखाली मिळाली. बासन तेच. वाचणारे कुणी उरले नव्हते, पण फेकून द्यायला कुणाचे मन झाले नव्हते. मी शेवटचे पान उघडले. त्याचा खालचा कोपरा गळून पडला होता.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात असे एखादे पान गळत असते. कुठे मशिदीच्या कपाटात फारसी-उर्दू किताबांच्या तळाशी एखादे मोडी बाड असेल. कुठे दर्ग्याच्या मुजावरांकडे सनदांच्या गुंडाळीत एखादी मराठी कवने लिहिलेली वही असेल. कुठे नानी-दादी जात्यावर म्हणायच्या ती दख्खनी गाणी कुणा म्हातारीला अजून येत असतील. फार मोठे संशोधन करायला नको. पेटी उघडावी, पानांना ऊन न लावता हवा द्यावी, शेवटच्या पानाचा फोटो काढावा, त्यावरचे नाव, शक आणि गाव वहीत उतरवून ठेवावे. म्हाइंभटांनी सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी याहून वेगळे काही केले नव्हते. त्यांनी माणसांना विचारले आणि लिहून ठेवले.

परतताना शहागडला एस.टी. थांबली. शेजारी बसलेल्या नातवाने खिडकीबाहेर पाहून विचारले, "दादाजान, इथे काय आहे?" मी बोट दाखवले. म्हणालो, "इथं शहामुनी आहेत. त्यांनी एक किताब लिहिली आहे. घरी गेल्यावर दाखवतो." त्या पोथीची मी करून घेतलेली झेरॉक्स घरी होती. समाधी की मजार, हे त्याने विचारले नाही. त्याने विचारले, "किताबीत काय आहे?"

गाडी पुलावर चढली होती. खाली गोदावरीला पाणी होते.